मागून घेतलेले सामर्थ्य

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला चार-पाच जण जमले की पहिला अर्धा तास पात्रे वाटून घेण्यात जातो. योद्ध्यावर दोघांचा डोळा असतो, जादूगार कोण होणार हे आधीच ठरलेले असते, चोर होण्यासाठी तर चढाओढ लागते. मग कोणीतरी विचारतो, "क्लेरिक कोण घेणार? एक तरी लागेलच." यानंतर जी शांतता पसरते ती आपल्या ओळखीची आहे. घरच्या कार्यात "पंगतीला वाढायला कोण थांबणार?" असे विचारल्यावर पसरते, त्याच जातीची ती शांतता.

गेली काही वर्षे या शांततेत मी हात वर करत आलो आहे. सुरुवातीला भिडेखातर, आता हौसेने. या हौसेचे कारण शोधण्याचा हा प्रयत्न आहे. क्लेरिक म्हणजे गटाबरोबर फिरणारी औषधाची पेटी, हा समज मला चुकीचा वाटतो. माझ्या मते या खेळातली सर्वांत अर्थपूर्ण भूमिका तीच आहे. तिचे सामर्थ्य स्वतःचे नाही आणि बहुतांशी स्वतःसाठीही नाही, हे त्यामागचे कारण.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो रचला आणि 1974 साली तो तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. यात पट असलाच पाहिजे असे नाही. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र वठवत काय करणार ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकला जातो. मूळ पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. चोर वर्षभराने आला.

यातला क्लेरिक जन्मला तो भक्तीतून नव्हे, निकडीतून. आर्नेसन मिनेसोटात 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ चालवत असत. त्यात एका खेळाडूचे पात्र व्हँपायर झाले, 'सर फँग' या नावाने वावरू लागले आणि कोणालाच आवरेना. त्यावर उतारा म्हणून एक धर्मोपदेशक उभा करण्यात आला आणि ती भूमिका माइक कार यांनी केली. त्यामागची प्रेरणा धर्मग्रंथातली नव्हती. जुन्या ब्रिटिश भयपटांत पीटर कुशिंग यांनी रंगवलेल्या व्हॅन हेल्सिंगची होती. मेल्यावरही चालत राहणाऱ्या प्रेतांना हाकलून लावण्याची जी शक्ती क्लेरिककडे आजही आहे, तिचे मूळ इथे आहे. थोडक्यात, एकाच्या हाताबाहेर गेलेल्या बळाला आवर घालण्यासाठी हे पात्र निर्माण झाले.

मग त्यावर इतर थर चढले. क्लेरिकला धारदार शस्त्र वर्ज्य झाले आणि त्याच्या हाती गदा आली. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईत बिशप ओडो सोटा घेतलेला दिसतो. त्यावरून धर्मगुरू रक्त सांडू नये म्हणून तलवार टाळत, अशी समजूत रूढ झाली. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. खेळाने मात्र ती मनापासून मानली. काठीचा साप करणे, पाणी दुभंगणे, कीटकांची धाड आणणे हे मंत्र उघडच बायबलमधून आले. या सर्वांत मला अधिक बोलका वाटतो तो एक रुक्ष नियम : 1974 च्या खेळात पहिल्या पायरीवरच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. जादूगाराला पहिल्याच दिवशी मंत्र होता. क्लेरिकने मात्र चिलखत घालून, गदा घेऊन, रिकाम्या हातांनी भुयारात उतरायचे आणि दुसऱ्या पायरीपर्यंत जगून दाखवायचे. उमेदवारीचा काळ इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही.

योद्ध्याचे बळ त्याच्या मनगटात असते, जादूगाराचे त्याच्या पोथीत आणि चोराचे त्याच्या बोटांत. ही माणसे मिळवती आहेत. क्लेरिकला मात्र रोज मागावे लागते. 1979 च्या सूत्रधाराच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी याची उतरंडच लावली होती. खालचे मंत्र क्लेरिकला स्वतःच्या शिक्षणाने आणि श्रद्धेने मिळत, मधले देवाच्या सेवकांकडून आणि सर्वांत वरचे प्रत्यक्ष देवाकडून. वागणुकीत खोट आली तर हा पुरवठा आटू शकत असे. पुढे पॅलाडिनसारखी दैवी आधारावर चालणारी इतर पात्रे आली हे खरे. परंतु मागणे हाच ज्याचा मुख्य व्यवसाय आहे असे मूळ पात्र हेच.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ज्या जगात देव रोज सकाळी ठरल्याप्रमाणे मंत्र पाठवतो तिथे श्रद्धेला जागा कुठे उरली? हा तर सरळ व्यवहार झाला. नळाला पाणी येते यावर कोणी श्रद्धा ठेवत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो 'श्रद्धा' आणि 'निष्ठा' या दोन शब्दांची गल्लत करतो. देव आहे की नाही, हा प्रश्न त्या जगात नाहीच. तिथला प्रश्न वेगळा आणि माझ्या मते अधिक अवघड आहे : तो आहे, ऐकतो आहे, मग आत्ताच गप्प का? श्रद्धेची कसोटी पुराव्याच्या अभावात लागते, निष्ठेची कसोटी उत्तराच्या अभावात.

2014 च्या आवृत्तीत या मौनासाठी एक सुंदर नियम होता. दहाव्या पायरीला पोहोचलेला क्लेरिक देवाला थेट हाक मारू शकत असे. शंभराचा फासा टाकायचा आणि आलेला आकडा आपल्या पायरीएवढा किंवा त्याहून कमी असेल तरच देव धावून येणार. म्हणजे दहाव्या पायरीवर शंभरात दहा वेळा. उरलेल्या नव्वद वेळा काहीच घडत नसे आणि पुन्हा हाक मारायला विश्रांतीपर्यंत थांबावे लागे. विसाव्या, शेवटच्या पायरीवर मात्र हाक हमखास ऐकली जाई. 2024 च्या सुधारित नियमांत हा फासा काढून टाकण्यात आला. आता दहाव्या पायरीपासूनच दैवी हस्तक्षेप म्हणजे पाचव्या दर्जापर्यंतचा हवा तो मंत्र, खात्रीने. खेळाडूंची निराशा टळावी हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु प्रार्थनेतून नकाराची शक्यता वजा केली की उरते ती मागणीपत्रक भरण्याची क्रिया. दहा टक्क्यांवर हाक मारणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. शंभर टक्क्यांवर मारणाऱ्याला हाक मारायची गरजच काय?

क्लेरिकची भूमिका आकर्षक करण्याचे असे प्रयत्न नवे नाहीत. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत क्लेरिकला सकाळी तयार केलेला मंत्र ऐनवेळी बदलून त्याजागी जखम भरणारा मंत्र वापरण्याची मुभा मिळाली. त्या जोडीला त्याला इतके बळ मिळाले की योद्धाही फिका पडावा. कोणीतरी हे पात्र घ्यावे म्हणून दिलेले जणू ते आमिष होते. आमिष लागू पडले, पण त्यातून ही भूमिका समजली असे म्हणवत नाही. वाढप्याला पंगतीत पहिले पान मांडून दिल्याने वाढण्यातला आनंद कळत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही याच खेळाने केली आहे. 1980 च्या 'डिइटीज अँड डेमिगॉड्स' या ग्रंथात निरनिराळ्या संस्कृतींमधली दैवते खेळासाठी मांडली होती. त्यात भारतीय दैवतांचाही विभाग होता. आपला इंद्र तिथे चिलखताच्या आणि प्राणबळाच्या आकड्यांसह उभा आहे. आपल्या देवाचा अपमान झाला म्हणून चिडावे असे मला त्यात काही दिसत नाही. माझी हरकत वेगळीच आहे. आकडा आला की त्याला शून्यावर आणता येते. देवाकडे असे पाहणे ही योद्ध्याची नजर झाली. क्लेरिकच्या नजरेला तो मोजता येत नाही, त्याच्याकडे फक्त मागता येते.

आता मागितलेले जाते कुठे, याचा विचार. क्लेरिक खेळताना माझ्या लक्षात आलेला पहिला बदल हा की मी इतरांच्या पाळीतही जागा असतो. योद्धा आपले वार मोजतो. मी सर्वांच्या जखमा मोजत असतो. कोण किती थकला आहे, कोण धाडस करण्याच्या बेतात आहे, कोण वेदना लपवून हसतो आहे, हे मला ठाऊक असावे लागते. घरात दीर्घकाळ आजारी माणूस असेल तर एकाचा कान रात्रीही उघडा राहतो, तसे हे लक्ष असते. फरक इतकाच की इथे ते हौसेने दिलेले असते.

या लक्षाची किंमत मला एका रविवारी दुपारी कळली. पुण्यात एका मित्राच्या घरी आमचा खेळ चालतो. आमचा योद्धा आणि चोर मोडलेल्या पुलापलीकडे एकाच फेरीत कोसळले. नियम असा की बेशुद्ध पडलेल्याने आपल्या प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा अधिक आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन अपयशे म्हणजे मृत्यू. साठ फुटांवरून नुसत्या शब्दाने एकाला शुद्धीवर आणणारा मंत्र माझ्यापाशी होता, पण तो त्या दिवसापुरता एकदाच वापरण्याजोगा उरला होता. योद्ध्याची दोन अपयशे झाली होती, चोराचे एकही नव्हते. हिशेब सोपा होता. मी योद्ध्याला उठवले आणि तो समोरच्या राक्षसाशी झुंजू लागला. चोराने फासा टाकला. आला एक, आणि एक आला तर दोन अपयशे धरतात. पुढच्या पाळीला आले सहा.

तो मित्र माझ्याकडे पाहून म्हणाला, "मीही हेच केलं असतं." मला त्याने बरे वाटले नाही. हिशेब बरोबर होता आणि माणूस गेला होता. नियमांच्या पुस्तकात या दोन गोष्टींचा मेळ घालणारा तक्ता नाही.

मग सूत्रधाराने मला विचारले, "तू त्याचा पुरोहित आहेस. काय म्हणणार?" इथे मला सांगायला हवे की देवापुढे हात जोडण्याची माझी सवय कॉलेजात असतानाच सुटली. वडिलांच्या दहाव्याला गुरुजी "म्हणा" असे सांगत होते तेव्हा मी ओठ मिटून बसलो होतो. जे मानत नाही ते उच्चारणे खोटेपणाचे, असे तेव्हा ठाम मत होते. आणि इथे, फासे आणि चिवड्याच्या बशा यांच्यामध्ये, एका न जन्मलेल्या चोरासाठी मी चार-पाच वाक्ये बोललो. तो कोणाच्या वाटणीचे काय घेऊन पळाला, कोणासाठी परत फिरला, असे काहीसे. त्यात माझ्या पात्राच्या देवाचे नाव एकदाच आले. आवाज मात्र मला अनोळखी वाटावा इतका खरा होता. बाकीचे चौघे गप्प बसून होते.

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. त्या यादीत मी मनातल्या मनात भक्तीचेही नाव घालून ठेवले होते. ते काढावे की नाही याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. त्या दुपारनंतर मी देवळात जाऊ लागलो, असेही नाही. पण इतके समजले की प्रार्थना म्हणजे केवळ कोणाच्या अस्तित्वाला दिलेली ग्वाही नव्हे. गेलेल्या माणसाविषयी सर्वांच्या वतीने काही बोलावे लागते आणि ते बोलायला कोणीतरी उभे राहावे लागते. दहाव्याला मी जे नाकारले ते असत्य होते की ही जबाबदारी, हा प्रश्न मला आता पडतो.

असो. क्लेरिक या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही. भटजी म्हणावे तर गदा आड येते, भगत म्हणावे तर चिलखत. सूत्रधाराने सहज वापरलेला 'पुरोहित' त्यातल्या त्यात बरा. त्याचा मूळ अर्थ 'पुढे ठेवलेला' असा आहे. खेळात क्लेरिक दुसऱ्या रांगेत चालतो, योद्ध्याच्या पाठीशी. तरीही जिथे स्वतःचे बळ संपते आणि मागावे लागते, तिथे सगळे त्यालाच पुढे करतात. पुढच्या खेपेस पात्रे वाटताना ती शांतता पसरली, तर ओझे कोणाच्या गळ्यात पडणार म्हणून खाली पाहू नका. हात वर करा. त्या मेजावरचे बाकीचे सारे वर्ग काय करता येते ते शिकवतात; हा एकच, काय पुरत नाही ते शिकवतो.