दिव्याखालची कोत्तंबरी

बिदर, उदगीर, देगलूरकडची कितीतरी मुले शिक्षण-नोकरीसाठी हैदराबादला राहतात. दाटीतल्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. तरी कोथिंबीर, म्हणजे आपली कोत्तंबरी, मेथी आणि पुदिना दिव्याच्या उजेडावर वाढवता येतो.

त्यासाठी महागडा जांभळा दिवा नको. ६५०० केल्विन लिहिलेली २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब पालेभाजीला पुरते. ती शेंड्यांपासून वीतभर उंच टांगा आणि रोपे वाढतील तशी वर घ्या. रोपे फिकट, लांबुडकी झाली तर उजेड कमी पडतोय असे समजा. दिवसाला १२ तास पुरे. रात्र रोपांनाही हवी. महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागते. करिबेवु मात्र बाल्कनीतच ठेवा, कढीपत्त्याला खरे ऊनच हवे.

आता जरा कडू बोलते. २०१७ मध्ये मणिकोंडा भागातल्या एका फ्लॅटमध्ये अशाच एलईडी दिव्यांखाली कुंड्यांत गांजा वाढवल्याच्या आरोपावरून एकाला अटक झाली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कुंडीतले रोप हीही लागवडच. जाणूनबुजून जागा देणाराही सुटत नाही. 'घरातल्या घरात कोण बघतंय?' या भ्रमात उमेदीची वर्षे जातात.

तेव्हा लेकरांच्या खोलीवर गेलात की दिव्याखाली काय लावलंय, ते मायेने विचारा. आणि जाताना डब्यातले मूठभर धने न्यायला विसरू नका.