विमानाचे वजन आणि शेजाऱ्याचे कान

मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागणाऱ्या यांत्रिक नौकांचा आवाज तेथील वस्तीला नवा नाही. तो आवाज ती वस्ती सोसते, कारण तिची चूल त्याच नौकांवर पेटते. विमानाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. उड्डाणाचा लाभ आत बसणाऱ्याला होतो आणि आवाज मात्र खाली राहणाऱ्याच्या वाट्याला येतो. रत्नागिरीच्या धावपट्टीवर आजवर मुख्यत्वे तटरक्षक दलाचा वावर राहिला. तेथे प्रवासी इमारतीचे काम हाती घेण्यात आल्यानंतर नागरी विमानांबरोबरच खासगी मालकीची आणि प्रशिक्षणाची विमानेही पुढेमागे येऊ शकतील. तेव्हा विमान उतरविण्याचे शुल्क कोणत्या तत्त्वावर आकारावे, हा प्रश्न आताच विचारात घ्यावयास हवा.

आपल्याकडे हे शुल्क प्रामुख्याने विमानाच्या कमाल वजनावर ठरते. शिवाय नियमित देशांतर्गत सेवेतील 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना त्यातून सूट आहे आणि 2016 साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेतील फेऱ्यांनाही ती मिळते. वजनावरून धावपट्टीची झीज मोजता येते, हे खरे. पण शेजाऱ्याच्या झोपेची झीज तिच्यावरून कळत नाही. दोन टनांचे जुने, कर्कश विमान आणि तितक्याच वजनाचे नवे, शांत विमान या दरपत्रकाला सारखेच दिसते. मग वैमानिकाने शांत पंखा किंवा सुधारित धूरनळी बसविण्याचा खर्च कशासाठी करावा?

वास्तविक आवाजाचे मोजमाप उपलब्ध आहे. 1944 च्या शिकागो करारास जोडलेले सोळावे परिशिष्ट 1971 साली स्वीकारले गेले. तेव्हापासून विमानाच्या प्रकारानुसार आवाजाची चाचणी घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत रूढ झाली. 8,618 किलोपर्यंतच्या पंख्याच्या विमानांसाठीही तीत स्वतंत्र कसोट्या आहेत. या चाचणीचा आकडा ध्वनिप्रमाणपत्रावर नोंदलेला असतो. जर्मनीतील अनेक छोट्या विमानतळांवर हाच कागद पाहून शांत विमानाला कमी आणि गोंगाट करणाऱ्याला अधिक शुल्क लावतात. यासाठी नवे यंत्र लागत नाही की नवे खाते लागत नाही.

कायद्याने शेजाऱ्यावर टाकलेला भारही लक्षात घेण्याजोगा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. 2018 च्या अधिसूचनेने कमी वर्दळीच्या विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी ती अनुक्रमे 65 आणि 60 ठरविली. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट. शिवाय नियमातील रात्र दहाला सुरू होऊन सहाला संपते. रात्रभर समुद्रावर राहून पहाटे परतणाऱ्या खलाशाची झोप तिच्यात बसत नाही.

अशा वाढीव सहनशक्तीची किंमत कोणी चुकती करीत नसेल, तर ते शेजाऱ्यांनी उड्डाण करणाऱ्यांना दिलेले अनुदानच होय. एकाच्या व्यवहाराचा खर्च तिऱ्हाइतावर पडत असेल तर तो कराच्या रूपाने मूळ व्यवहारात समाविष्ट करावा, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 सालीच मांडले होते.

छोट्या वैमानिकाला आधीच इंधन आणि देखभाल महाग पडते, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरलागू नाही. तथापि एकूण वसुली तेवढीच ठेवून शांत विमानाला सवलत आणि कर्कश विमानाला अधिभार लावता येतो. ध्वनिशुल्काची वसुली ध्वनिनिवारणाच्या खर्चापलीकडे जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचेही धोरण आहे. म्हणजे हा पैसा तिजोरीत न जाता लगतच्या शाळांच्या खिडक्यांवर आणि घरांच्या छपरांवर खर्च व्हावयास हवा. प्रादेशिक सेवेला उत्तेजन देणे आवश्यक असेल तर ते सरकारने उघडपणे, अंदाजपत्रकातून द्यावे. लगतच्या वस्तीच्या कानांतून वसूल करू नये.

दरपत्रक एकदा लागू झाले की त्याभोवती हितसंबंध तयार होतात आणि मग बदल अवघड होतो. रत्नागिरीत नागरी वाहतुकीची घडी बसण्यापूर्वीच ध्वनिप्रमाणपत्राला दरपत्रकात स्थान देणे म्हणूनच शहाणपणाचे ठरेल.