आजारपणाची बातमी

सत्तरी ओलांडलेल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली आजारपण आणि श्रद्धांजली याखेरीज काही येत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. मला ती पटत नाही, कारण या बातम्यांतूनच नाती टिकतात आणि नात्यांचा तब्येतीशी संबंध आहे. हार्वर्डच्या 268 विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा मागोवा 1938 पासून घेतला गेला. नोकरी, संसार, रक्तदाब, सगळं वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं आणि पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून केलेला अंदाज जास्त खरा ठरला. ते सगळे गोरे पुरुष आणि मोठ्या विद्यापीठातले, हा आक्षेप रास्त आहे. पण बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली 456 मुलंही पुढे या अभ्यासात आली आणि निष्कर्ष त्याच दिशेचा राहिला. तब्येत बरी असणाऱ्यालाच मैत्री निभावता येते, असं कुणी म्हणेल. तेही काही अंशी खरंच, आणि म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्याची खबर बाकीच्यांपर्यंत पोचायला हवी, कारण सगळ्यात आधी तुटतो तो तोच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून टाकलेल्या पहिल्या पावलांचा फोटो येतो आणि त्याखाली कुणीतरी लिहितं, ‘शाब्बास बंड्या!’ जोडीदार गेलेला, मुलं परदेशात. त्या माणसाला बंड्या म्हणणारं आता या ग्रुपबाहेर कुणी उरलेलं नसतं.