श्रेय जांभळाला, दोष आईला!

गेल्या जांभळाच्या हंगामातली गोष्ट. बदलापूरच्या आमच्या मंडळातली एक मैत्रीण पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभी. म्हणाली, ''ताई, पोरीची शुगर गेली!'' तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांपूर्वी टाइप वन मधुमेह निघाला होता. दिवसातून चार वेळा सुई. मग सासूबाईंनी जांभळाच्या बियांची पूड सुरू केली आणि महिन्याभरात इन्शुलिन निम्म्यावर आलं. ''उद्यापासून सुई बंदच करणार आहोत.'' पेढा माझ्या हातातच राहिला.

मी काही डॉक्टर नाही, कला शाखेची पदवीधर. पण आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने उल्हासनगर, अंबरनाथच्या दवाखान्यांतून बरीच वर्षं फिरतेय. ''आधी डॉक्टरांना विचारू,'' म्हणून तिला घेऊन गेले. तिथे जे समजलं ते प्रत्येक आईला माहीत असायला हवं.

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचे राखणदार. टाइप वनमध्ये हे राखणदारच उलटतात. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना शत्रू समजून मारू लागतात. रोग लक्षात येतो तोवर बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, पण सगळ्या नाही. उरलेल्या पेशी वाढलेल्या साखरेने दमलेल्या असतात. बाहेरून इन्शुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. मग सुईतलं इन्शुलिन कमी लागतं. दिवसाला किलोमागे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी, म्हणजे तीस किलोच्या मुलाला पंधरा युनिटच्या आत. डॉक्टर याला 'हनिमून पिरियड' म्हणतात. नाव गोड आहे आणि काळही मधुचंद्रासारखाच, थोडक्या दिवसांचा! कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने, क्वचित वर्षाहून जास्त. अगदी लहान मुलांना तो कमी लाभतो. रोग कळेपर्यंत प्रकृती फार बिघडलेली असेल, तरीही तसंच.

प्रत्येकाचा हा काळ वेगळा का, याचा शोध अजून चालू आहे. उलटलेल्या राखणदारांना आवरणाऱ्याही काही पेशी शरीरात असतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्कॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. हा हल्ला थोपवण्यासाठी टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण तेही धोका असलेल्यांचा रोग लांबणीवर टाकतं, बरा करत नाही.

म्हणजे मैत्रिणीच्या मुलीला जो आराम पडला, तो इन्शुलिनमुळेच. श्रेय मात्र पुडीला! आमच्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मलाही अभिमान आहे. जांभळं जरूर खावीत. पण जांभूळ तर शेकडो वर्षांपासून आहे. तरीही जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं, तोवर अशी मुलं जगत नव्हती. याच काळात सुई बंद केली, तर रक्तात आम्ल साचतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, आणि मग जिवाशीच गाठ.

आमच्या मैत्रिणीने सुई बंद केली नाही. डॉक्टरांनी सांगितलेला लहानसा डोस चालू ठेवला. दिवाळीच्या सुमारास इन्शुलिन पुन्हा वाढवावं लागलं. आणि घरात पहिला प्रश्न आला, ''काय खायला घातलंस पोरीला?''

मला खरा राग येतो तो इथे. साखर उतरली की श्रेय पुडीला, चढली की दोष आईला. कुणी फराळाच्या डब्याकडे बोट दाखवतं, कुणी तिच्या माहेरच्या रक्ताकडे. मधुचंद्र संपला म्हणजे उरलेल्या पेशी थकल्या. त्यात त्या माऊलीचा काय गुन्हा? गोड खाऊन हा रोग होत नाही. पण आईलाच हे माहीत नसेल, तर ती मान खाली घालते आणि पुढच्या वैदूच्या दारात उभी राहते. त्यातून मुलगी असेल तर 'उद्या लग्नाचं काय' म्हणून सुई लपवायची, शाळेतही सांगायचं नाही. अशा वेळी शाळेत साखर उतरून पोर घामाघूम झाली, तर ओळखणार कोण?

म्हणून सख्यांनो, शुगर उतरली तर आनंद जरूर माना, पण डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका. रोजची तपासणी लिहून ठेवा. दप्तरात ग्लुकोजची पुडी ठेवा, शिक्षिकेला सांगा. आणि डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंनाही घेऊन जा. माझ्या मैत्रिणीने या वेळी तेच केलं. आता घरी इन्शुलिन आजीच टोचते.