इंटरनेट कंपनीचे, राउटर तुमचा, चालतो का?

देवळाली कॅम्पमध्ये बदलीवर येणारी-जाणारी लष्करी कुटुंबे बरीच. बदली झाली की फायबर कनेक्शन बंद करा, राउटर परत द्या, अनामत रकमेसाठी पाठपुरावा करा. नव्या गावी पुन्हा तेच. त्यात इथल्या जुन्या बंगल्यांच्या जाड भिंती. 5 गिगाहर्ट्झचा वाय-फाय सिग्नल अशा भिंतींतून लवकर मंदावतो. हॉलमध्ये वेग पुरेपूर, मागच्या खोलीत व्हिडिओ अडकतो. अशा वेळी महाग प्लॅन नव्हे, चांगला राउटर लागतो. तो स्वतःचा लावता येतो का? बहुतेक वेळा, हो.

आधी फरक समजून घ्या

फायबरची तार ज्या डब्यात येते तो 'ओएनटी'. तो प्रकाशाच्या संकेतांचे डेटात रूपांतर करतो आणि त्याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते. त्यामुळे बाजारातून आणलेला ओएनटी कंपनीने नोंदवल्याशिवाय चालत नाही. घरभर वाय-फाय देणे हे राउटरचे काम. आता दोन्ही कामे अनेकदा एकाच डब्यात असतात, म्हणून गोंधळ होतो.

कसा जोडाल?

• सोपा मार्ग : ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल काढून आपला राउटर जोडा आणि तो 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर ठेवा.

• पूर्ण मार्ग : ओएनटी 'ब्रिज' मोडवर टाकून लॉगिनचे युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. यासाठी कंपनीचे सहकार्य लागते. लँडलाइन किंवा टीव्ही बॉक्स त्याच ओएनटीवर असेल, तर तो सुरू राहील का, हे आधी विचारा.

• खरेदी करताना : गिगाबिट पोर्ट पाहा. पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल, तर 300 चा प्लॅन घेऊनही वेग 100 च्या पुढे जाणार नाही.

हक्क कोणाचा?

जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून स्वतःचा राउटर वापरणे हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. लॉगिनची माहिती देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अमेरिकेत डिसेंबर 2020 पासून, ग्राहक स्वतःचे उपकरण वापरत असेल तर कंपनीला त्याचे भाडे लावता येत नाही.

आपल्याकडे मोबाइलच्या बाबतीत सिम कंपनीचे आणि हँडसेट आपला, यात कुणाला वावगे वाटत नाही. घरच्या इंटरनेटला वेगळा न्याय का? बिघाड नेमका कुठे आहे हे शोधणे अवघड होते, ही कंपन्यांची अडचण खरी आहे. पण ओएनटीपर्यंतची जबाबदारी कंपनीची, पुढची ग्राहकाची, अशी रेघ आखली की तीही सुटते. ग्राहकाने मागताच ब्रिज मोड आणि लॉगिन द्यावे, एवढा साधा नियम 'ट्राय'ने करायला हवा.

तोपर्यंत कनेक्शन घेतानाच तीन गोष्टी विचारा : ब्रिज मोड मिळेल का? राउटर न घेतल्यास अनामत किंवा भाडे कमी होईल का? कनेक्शन बंद केल्यावर पैसे किती दिवसांत परत मिळतील? उत्तरे फोनवर नको, ई-मेलवर घ्या.