तबकडी आणि स्क्रू-ड्रायव्हर

‘सह्याद्री’ वाहिनीचे चित्र तुटू लागले की कमरीपेठेतील गच्च्यांवर आमचे विद्यार्थी चढतात आणि तबकडीसमोरची एलएनबी नावाची डबी स्क्रू-ड्रायव्हरने उघडतात. या उद्योगास आम्ही खोडी म्हणणार नाही. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात शेजारच्या विजापूर जिल्ह्यातील खेड्यांनी खुराड्याच्या जाळीच्या तबकड्यांवरच उपग्रहाचे कार्यक्रम पाहिले. मात्र ती जाळी हिशेबाने वाकविलेली होती!

ही डबी क्षीण लहर वाढविते व तिची कंपनसंख्या उतरविते. एरवी ती तारेतच विरेल. डबी उघडली की आत ओल शिरते. सुधारणेस वाव आहे तो बाहेर. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेस, म्हणून तबकडी आग्नेयेकडे अचूक रोखावी, डबी किंचित फिरवून पाहावी, गंजलेला कनेक्टर बदलावा. मुसळधार पाऊस लहर शोषतो, त्यास इलाज नाही. ओल्या गच्चीवर तर चढूच नये.

गतवर्षी एका मुलाने डबी निकामी केली. आजीच्या बातम्या बुडाल्या, त्याला मार बसला. तो मार आम्हांस मुळीच पटला नाही. कलाशाखेचे असूनही आम्ही ती मोडकी डबी मागून आणली. आता ती प्रयोगशाळेच्या मेजावर उघडी आहे, आणि तोच मुलगा इतरांना आतले भाग दाखवितो.