‘बटन’ गोळी: रजिस्टर दुकानात, केस पोरावर

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी लाफिंग गॅस (नायट्रस ऑक्साइड) बाळगणं गुन्हा ठरवलं. दवाखान्यातला आणि स्वयंपाकातला वापर चालू ठेवला. कामाची वस्तू नशेकडे वळली की कायद्यापुढे हाच पेच येतो. आपल्याकडे गुलमंडी, पैठणगेटच्या भागात त्या वस्तूला ‘बटन’ म्हणतात. म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम अशी झोपेची, घबराटीची गोळी. ‘शराब थोडीच आहे, मेडिकलचीच गोळी आहे,’ असं पोरं वर सांगतात.

विक्रीचा नियम कडक आहे. ही दोन्ही औषधं २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. डॉक्टरची चिठ्ठी लागते. शिवाय दुकानदाराने डॉक्टर, पेशंट आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहून ३ वर्षं जपायचं. ते तपासणं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं काम. पण गोळ्या पकडल्याच्या बातमीत पोराचं नाव येतं, माल कुठल्या काउंटरवरून निघाला हे क्वचितच.

पोरावर लागतो १९८५ चा एनडीपीएस कायदा, आणि त्याचा हिशोब घरच्यांना माहीत नसतो. अल्प्राझोलाम ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’, १०० ग्रॅमच्या वर ‘व्यावसायिक’. ‘गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅमच,’ हा बचाव टिकणं अवघड आहे. मिश्रणाचं एकूण वजन धरायचं, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात सांगितलं. एक गोळी १०० मिलिग्रॅमची धरा: ५० गोळ्यांत ५ ग्रॅम भरले. त्यापुढे १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हजार गोळ्यांच्या पुढे कमीत कमी १० वर्षं, आणि जामीनही मुश्किल. दोस्ताचा डबा सांभाळणाऱ्या पोराला हे कोण सांगणार?

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. वकिलाला हे कलम पहिल्याच दिवशी विचारा.

बदनामीच्या भीतीने काही घरांत पोराला खोलीत कोंडतात. रोजची सवय असलेल्याची ही गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. घाटीत मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे.